शेकोटीवर कोण नाई

२ डिसेंबर, सोमवार

ही वही सरकारी नाई. सरकारी वहीत मी ताप किती, खोकला किती, इतकंच लिहिते आणि खाली सही ठोकते: नाजिया नूर मोहम्मद, समुदाय आरोग्य अधिकारी, उपकेंद्र कोसमटोला. इथी मात्र मनातलं लिहीन. अब्बा म्हणतात, हिंदीत लिही. पण मी शिकली मराठीत, भांडते मराठीत, तं डायरी काऊन हिंदीत?

काम नवं आलं. हिवाळाभर टोल्यातला ताप-खोकला मोजाचा आणि दर सोमवारी चामोर्शीले पाठवाचा. तिथून आकडे गडचिरोलीले जातात. कुठी आकडा फुगला की साथ आली म्हून समजाचं आणि धावाचं. मीटिंगमध्ये तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमचे डोळे आहात." मले हसू आलं. घुग्घुसच्या पोरीले खोकला मोजाले लावला! आमच्याकडं कोळशाच्या धुळीनं सारेच खोकलतात. जो खोकलत नाई त्याची चौकशी करतात.

बदलीचा अर्ज ऑक्टोबरातच टाकला आहे. हा हिवाळा काढला की सुटली. इथी आपलं आहे कोण?

५ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस घरोघरी फिरली. टोल्यात त्रेसष्ट घरं, त्यातल्या चाळीस दाराले कडी. सारे धान चुराले, म्हणजे मळणीले, बांधीत गेलेले. उरल्या म्हाताऱ्या. त्या म्हणतात, "बस वं पोरी, चहा पे." खोकल्याचं विचारलं की गुडघे दाखवतात.

आमची आशा वर्कर कांताबाई इथलीच सून. माया मागं फिरून फिरून शेवटी वैतागली. "मॅडम, दारोदार काऊन मरता? सकाळी सहाले सारा टोला मारुतीजवळच्या शेकोटीवर राह्यते. तिथीच मोजा न!"

तीन दिवस फिरवल्यावर सांगून राह्यली. पह्यलेच सांगाले काय झालं होतं, बाप्पा?

७ डिसेंबर, शनिवार

शेकोटीवर गेली. आणि मले बसूच देल्लं नाई!

"लाकूड कुठी आहे?" वारलूनं विचारलं. वारलू म्हणजे गावची गुरं राखणारा, तोंडाचा फाटका. इथला कायदा असा की शेकोटीवर येणाऱ्यानं आपलं लाकूड आपण आणाचं. लाकूड नाई तं जागा नाई, मंग तो सरपंच असो का कोणाचा जावई.

मी म्हटलं, "मी सरकारी कामाले आली."

"सरकारले बी थंडी वाजते," वारलू म्हणाला. "सरकारनं बी लाकूड आणावं."

सारे हसले. माया तं पारा चढला, पण करते काय? वही छातीशी धरून उभी राह्यली. मंग तिकडून एक म्हातारा बोलला, "घे वं पोरी, हे लाकूड तुयं. मी दोन आणले." आणि आपल्या बाजूची जागा हातानं झाडून देल्ली. मुखरूभाऊ. सत्तरीचा असंल, बायको मरून बारा वर्षं झाली, पोरगी राजुऱ्याले देल्ली, घरात एकटाच. कानावर बिडी. बाकी सारे एक एक आणतात, यानंच दोन काऊन आणले होते कोण जाणे.

बसली एकदाची. पाठ गार, तोंड भाजते, पण मजा आली.

१२ डिसेंबर, गुरुवार

अब्बांनी चामोर्शीच्या एसटीत रजई पाठवली. स्वतः पिंजून भरलेली, अम्मीनं वरून निळ्या दोऱ्यानं टाके घातलेले. दुकानातल्या गिऱ्हाइकाले चार किलो कापूस, पोरीले सहा किलो. अंगावर घेतली तं उठता येत नाई. फोनवर अम्मी म्हणाली, "रोज ओढतेस ना?" म्हटलं, ओढते कुठी, तीच मले ओढते.

मुखरूभाऊ रोज दोन लाकडं आणते. मले आता लाकडाची चिंताच नाई. आल्या आल्या चिडवते, "या डॉक्टरीनबाई, खोकले विकत घेनं चालू झालं काय?" आणि स्वतः खो खो खोकलते. मी म्हणते बिडी सोडा. तो म्हणते, "सोडतो न. तुया लग्नात सोडतो." भैताड म्हातारा. पण तो नसता तं पह्यल्याच दिवशी मी माघारी फिरली असती, हे बी खरं.

१६ डिसेंबर, सोमवार

आज एकतीस जणांले खोकला! मागच्या सोमवारी चार होते. ऑक्सिमीटर लावला तं नऊ जणांचा आकडा नव्वदच्या खाली. दहा वाजता अहवाल पाठवला, वर फोन बी केला. डॉक्टर म्हणाले, "शाबास मॅडम, असंच लक्ष पाह्यजे. आम्ही येतो."

१८ डिसेंबर, बुधवार

जीप आली. डॉक्टर, दोन सिस्टर, नमुने घ्याच्या डब्या, सारं काही. आणि एकतीसपैकी अठ्ठावीस जण वावरात धान चुरून राह्यले होते, ठणठणीत.

झालं असं. रविवारी झिमझिम पाणी आलं होतं. सोमवारी लाकडं ओली, म्हून वारलूनं वरून टोपलंभर कोंडा टाकला. धूर असा की शेजारचा दिसेना. सारे खोकलत होते, मी बी खोकलत होती, आणि खोकलत खोकलत मोजत होती. बोटं सर्वायची थंडीनं लाकूड झालेली, त्यावर यंत्र लावलं. थंड बोटावर यंत्र खोटं सांगते, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. लिहून पास झाली आहे!

डॉक्टर रागावले नाई, तेच जास्त लागलं. नुसतं म्हणाले, "मॅडम, तुम्ही खोकला मोजला की धूर?" ड्रायवर तोंड फिरवून हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१९ डिसेंबर, गुरुवार

आजपासून कानाले खडा. शेकोटीवर उभी राहून सांगितलं, ताप असंल तरच नाव लिहीन. धुराचा, तंबाखूचा, बिडीचा खोकला चालणार नाई.

मुखरूभाऊ आपल्या सवयीनं म्हणाला, "मंग माया खोकला कोणत्या खात्यात? लिही न वं, कालपासून छातीत बी दुखून राह्यलं."

मी म्हटलं, "तुमचा खोकला मी धरत नाई भाऊ. बिडीचा खोकला हाय तो. बिडी सोडा, मंग या माया वहीत."

सारे हसले. तो बी हसला, थोडा उशिरा. जीपवाल्या दिवसाचा राग डोक्यात होता म्हून जरा जोरात बोलली असंन. पण एकदा शिस्त लागली पाह्यजे.

२० डिसेंबर, शुक्रवार

मुखरूभाऊ आला नाई. माया जागेवर लाकूड नाई. वारलूनं परत विचारलं, "सरकार, लाकूड?" कांताबाईनं आपल्यातलं एक फाटं देल्लं म्हून बसली.

रुसला म्हातारा. रुसू दे. सत्तर वर्षांचा आणि पोट्ट्यासारखा रुसते.

२१ डिसेंबर, शनिवार

आज बी नाई. कांताबाई म्हणाली, राजुऱ्याले पोरीकडं गेला असंल. वारलू म्हणाला, "डॉक्टरीनबाईनं नापास केलं त्याले, कोणत्या तोंडानं येईन?" मले राग आला. मी काय चुकीचं बोलली?

ताप: एक. खोकला: दोन. अहवाल कसा साफसुथरा दिसून राह्यला.

२२ डिसेंबर, रविवार

सुट्टी असून शेकोटीवर गेली. तो नाई. त्याच्या जागेवर कोणी बसत बी नाई, रिकामीच ठेवतात. पोरीकडं गेला तं सांगून तरी जायचं. मी कोण लागते त्याची, मले सांगाले! पण उद्या त्याच्या आंगणातून एक लाकूड उचलून आणते. आला की म्हणन, तुमचंच लाकूड, त्यावरच शेकून राह्यली. मंग पाहू किती दिवस रुसते.

२३ डिसेंबर, सोमवार



सकाळी लाकूड आणाले त्याच्या आंगणात गेली. ढीग होता. उचलाले वाकली तं टोपल्याखाली डाललेल्या कोंबड्या ओरडून राह्यल्या. सात वाजून गेले आणि कोंबड्या सोडल्या नाई? माणूस गावाले गेला तं कोंबड्या शेजारी देऊन जाईन न. लाकूड टाकलं आणि दार ढकललं.

खाटेवर होता. अंगावर पोतं आणि धोतर. मिनिटाले अडतीस श्वास. मी यंत्र काढलं, पण आधी त्याची बोटं माया दोन्ही हातात धरून चोळली, गरम होईतोवर चोळली, मनात म्हणत होती, या अल्ला, आज बी यंत्र खोटं निघू दे. चौऱ्याऐंशी. दुसऱ्या हातावर लावलं. चौऱ्याऐंशी.

डोळे उघडून मले म्हणते, "तू काऊन आली वं? माया खोकला तं तू धरत नाईस."

चिडून नाई बोलला. खरंच विचारून राह्यला होता. मी जे बोलली ते त्यानं डॉक्टरचं बोलणं म्हून घेतलं होतं. डॉक्टरीनबाई म्हणते ना हा आजार नाई, मंग नाई. म्हून चार दिवस घरात पडून राह्यला, कोणाले बोलवलं बी नाई.

कांताबाईले हाका मारल्या, १०८ ले फोन केला. चाळीस मिनिटं लागली. तोवर उपकेंद्रातल्या माया खोलीवरून अब्बांची रजई आणून त्याच्या अंगावर टाकली आणि त्याले टेकवून बसवला. वारलू दारात उभा होता. गाडी गेल्यावर आपणहून कोंबड्या सोडल्या त्यानं.

चामोर्शीवरून गडचिरोलीले हलवलं. न्युमोनिया. तिथले डॉक्टर म्हणाले, आजची रात्र महत्त्वाची.

२४ डिसेंबर, मंगळवार

उचलली जीभ, लावली टाळ्याले. माया हातून माणूस मरून राह्यला होता. कोणाले सांगू? अब्बांचा फोन आला, "रजई गरम आहे ना बेटा?" म्हटलं, बहुत गरम आहे अब्बा. आणि फोन ठेवून ढसाढसा रडली.

आज शेकोटीवर दोन जागा रिकाम्या होत्या असं कांताबाई म्हणाली. एक त्याची, एक माई.

२६ डिसेंबर, गुरुवार

ऑक्सिजन चालू आहे, पण ताप उतरला. राजुऱ्याची पोरगी दवाखान्यात पोचली. मले फोनवर म्हणाली, "ताई, तुमी नसत्या तं बाबा गेले असते." तिले खरं सांगाची हिंमत झाली नाई. सांगन. समोर भेटली की सांगन.

शेकोटीवर बसली होती. कांताबाई सवयीनं म्हणाली, "बोला, कोणाले खोकला?" सारे गप. मुखरूभाऊचं नाव मीच कापलं होतं, आता कोण बोलंल? मी जागा पाहून राह्यली होती. इथी कोणाची जागा कुठी, हे पोट्ट्यापासून सर्वायले पाठ आहे. मी विचारलं, "आज कोण नाई इथी?"

बाप्पा, काय गलका झाला! "इसरू नाई, तो सासुरवाडीले गेला, मले सांगून गेला." "गुणवंतराव नाई, त्याची बस होती." "उर्वशी दोन दिवस झाले आली नाई..." आणि मंग सारे एकमेकांकडं पाहाले लागले. उर्वशीचं लेकरू पाच महिन्यांचं. मी आणि कांताबाई धावतच गेलो. लेकराची छाती आत ओढून राह्यली होती. दहा वाजेच्या आत दवाखान्यात पोचवलं.

कोण आजारी विचारलं की लोक लाजतात, नाईतं फुकटच्या औषधासाठी हो म्हणतात. कोण नाई विचारलं की सारे खरं बोलतात. हे मले कोण्या पुस्तकात सापडलं नव्हतं. जो खोकलत नाई त्याची चौकशी करणाऱ्या घुग्घुसची असून समजलं नाई.

३० डिसेंबर, सोमवार

सरकारी वहीत पट्टीनं रेघ मारून नवा रकाना पाडला: शेकोटीवर आले नाई. घर क्रमांक, नाव, कारण, कोण जाऊन पाहून आलं. कांताबाई भरते. तिचं अक्षर मुंग्या चालल्यासारखं, पण एक घर सोडत नाई.

डॉक्टरचा फोन. "मॅडम, हा रकाना कुठून आला? आमच्या नमुन्यात नाई."

मी सारं सांगितलं. धूर, बिडी, मी काय बोलली, कोंबड्या, सारं. त्यायनं तारखा लिहून घेतल्या. मंग म्हणाले, "राहू द्या. बाकीच्या उपकेंद्रायले बी दाखवा एकदा."

४ जानेवारी, शनिवार

आला! अर्धा झाला आहे, गळ्याची हाडं दिसतात, पण आला. पोरगी पोचवाले आली होती, आठ दिवस राह्यणार आहे. मी तिच्यासमोर त्याले म्हटलं, "भाऊ, माई चुकी झाली. तुमचं नाव मी कापाले नव्हतं पाह्यजे."

तो म्हणते, "चुकी तं झाली. आता भर दंड."

"काय भरू?"

"रोज लाकूड आणाचं. दोन."

पोरगी हसली आणि रडली बी. मी बी तेच केलं. बिडी सोडली म्हणते. कानावर आहे, पण पेटवत नाई.

११ जानेवारी, शनिवार

सात दिवसांपासून मी दोन लाकडं नेऊन राह्यली. वारलू म्हणते, सरकार सुधारलं. मुखरूभाऊले म्हटलं, रजई आता परत द्या, अब्बा विचारून राह्यले. तो म्हणते, "देल्लेली वस्तू परत मागत नाई वं. ते मले दिली तं माई झाली." बेशरम! आता मी दोन शाली एकावर एक घेऊन झोपते.

अम्मीनं विचारलं, बदलीचं काही समजलं काय? समजलं नाई.

१६ जानेवारी, गुरुवार

तीन दिवसांनी लिहून राह्यली.

सोमवारी पहाटे अंगात ताप भरला. उठाले गेली तं खोली फिरली. पडून राह्यली. मोबाईल टेबलावर, टेबल इतक्या लांब की जसं चंद्रपूर. मनात आलं, उपकेंद्र नऊले उघडते, नऊपर्यंत कोणाले कळणार नाई. परक्या गावात आजारी पडाचं म्हणजे असंच. अम्मीची आठवण आली आणि पालथी होऊन रडली थोडी.

सात बी वाजले नसतील. दार धडधडा वाजलं. मारुतीची यात्रा आली काय म्हटलं! भिंत धरत धरत जाऊन कडी काढली. पुढं मुखरूभाऊ, धापा टाकत, हातात दोन लाकडं. मागं कांताबाई, वारलू, उर्वशी काखेत लेकरू घेऊन, आणखी पाच-सात जण.

"काऊन वं," मुखरूभाऊ म्हणाला, "माई लाकडं कुठी आहे?"

मले हसाले बी आलं नाई. कांताबाईनं कपाळाले हात लावला आणि आईसारखी ओरडली, "अवं, भट्टी झाली हिची!" कोणी चहा ठेवला, वारलूनं आंगणात शेकोटी पेटवली, मारुतीजवळची उचलून इथीच आणली म्हणा. कांताबाईनं ऑक्सिमीटर काढला आणि माई बोटं आपल्या हातात धरून चोळाले लागली. "आधी गरम कराले लागते," ती उर्वशीले शिकवत होती. सत्त्याण्णव निघाला. सर्वायले दाखवला, हातोहात फिरवला.

म्हटलं, भाऊ, थंडी वाजते, रजई तरी आणाची होती माई. तो म्हणते, "तुई कोणती? ते तं माई हाय." मंग आपल्या अंगावरची शाल काढून टाकली. बिडीचा वास. संध्याकाळी पोट्ट्याच्या हाती रजई बी पाठवली, निरोप देल्ला, तात्पुरती आहे.

आज बरं वाटून राह्यलं. सोमवारचा अहवाल राह्यला होता म्हून सरकारी वही काढली. कांताबाईनं भरून ठेवली होती. पह्यल्याच ओळीत तिच्या मुंग्यांच्या अक्षरात लिहिलं होतं:

नाजिया. शेकोटीवर आली नाई. ताप. सारे जाऊन पाहून आलो.

आणि घर क्रमांकाच्या रकान्यात, ६४.

उपकेंद्राले घर क्रमांक नसते. मी खोडाले पेन उचलला, मंग ठेवून देल्ला. तसाच पाठवला.

दुपारी डॉक्टरचा फोन. "मॅडम, कोसमटोल्यात त्रेसष्ट घरं ना? हे चौसष्टावं कुठून आलं?"

म्हटलं, "मोजाचं राहून गेलं होतं सर."